मालनला गाडी लागली

देन हाग
सोमवार, १० मार्च २०२५

चि. चारुताला अनेक आशीर्वाद.

तू कशी, स्वानंदीचा खोकला कसा, हे सगळं नंतर. आधी माझं ऐक. तुझ्या नवऱ्याला मराठी येत नाही तर येत नाही म्हणून सांगावं माणसानं. अर्धं ऐकायचं, अर्धं आपल्या मनानं जुळवायचं आणि जुळवलेलं नेऊन विमेवाल्यांना सांगायचं, ही कुठली रीत? जन्मल्यापासून बापाच्या तोंडून मराठी ऐकतोय तो. "गाडी लागली" म्हणजे काय, एवढं कळू नये?

गाडी लागली म्हणजे उलटी झाली. घाटात पोरांना लागते ती. गाडीनं येऊन धडक मारली असं नाही. हे वाक्य त्याला दोनदा वाचून दाखव.

हो, वाचूनच दाखवायचंय तुला. त्याला मराठी अक्षर लागत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून तुझ्या नावानं लिहिते. मोठ्यानं वाच. मध्ये मध्ये इंग्रजीत गोड करून सांगू नकोस. जिथं कळणार नाही तिथं तो विचारेल. तेव्हाच विचारलं असतं तर आज मला ही पानं खरडायला लागली नसती. माझी शाळा चौथीत सुटली, त्यानंतर एवढं कधी लिहिलं नाही. फोन करत नाही कारण तुम्ही मोकळे होता तेव्हा हे घरीच असतात आणि फोन स्पीकरवर टाकतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलं तर ह्या घराच्या भिंती कागदाच्या आहेत.

तू तैवानला गेली होतीस तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी आम्ही श्वेवेनिंगनला बंदरावर बांगडे आणायला गेलो होतो. येताना मला गाडी लागली. घरी येऊन मी सोफ्यावर पडले. सिद्धार्थचा बापाला रविवारचा फोन असतो, तो आला. मी डोळे मिटून सगळं ऐकत होते.

"मालनला गाडी लागली," हे म्हणाले.

"व्हॉट? इज शी ओके?"

"आता बरी आहे. झोपवलंय."

"डॉक्टर?"

"नको म्हणाली. मी सावकाशच चालवत होतो रे, पण लागलीच. सीटवर, दारावर, सगळीकडं झालं होतं. बसून पुसून काढलं मी."

मग हेच पुढं म्हणाले,

"आणि कुणाला बोलू नकोस. तिला आवडायचं नाही."

आता तूच सांग. आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळलं असतं की बाई ओकली आणि तिला लाज वाटतेय. ह्यानं काय समजावं? बापानं मावशीला, म्हणजे मला, उडवलं, रक्त पुसलं, डॉक्टरला दाखवलं नाही आणि वर गप्प बस म्हणतोय.

बरं, तसं समजलास. मग निघून यायचंस ना! आइंडहोवनहून दोन तासांची वाट. मावशी मेली का जगली बघायचंस! तर दुसऱ्या दिवशी फुलं आली. पिवळी ट्यूलिपची जुडी आणि त्यात डचमध्ये कार्ड, लवकर बरी हो. मी म्हटलं, बघा, एवढ्याशा उलटीला पोरानं फुलं पाठवली. बरणीत लावली. शेजारणीला दाखवली. हे सुद्धा हसले. वेड्यासारखी खूश झाले मी. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावानं ह्या दारात काही आलं होतं.

स्वानंदीची शाळा होती, तू नव्हतीस, पोरीला टाकून येता आलं नसेल, मला कळतं. पण मला एक फोन? माझ्या नंबरावर? विमेवाल्यांना करायला वेळ होता.

मग त्यांचाच फोन आला. हे वाचनालयात गेले होते. बाप्या बोलायला फार गोड. डच सावकाश बोलत होता माझ्यासाठी. बाई, आता कसं वाटतंय? मी म्हटलं, बरं आहे. म्हणाला, गाडीमुळेच झालं ना? म्हटलं, हो, गाडीमुळेच. पायाला लागलं का? आता पाय म्हटल्यावर मी गुडघ्याचंच सांगणार. म्हटलं, पाय दुखतात. कुठला पाय? दोन्ही. खटखट टाईप केल्याचा आवाज येत होता. नवरा तेव्हा काय करत होता? म्हटलं, पुसत होता. मग म्हणाला, तुम्हाला घरात सुरक्षित वाटतं ना? मी म्हटलं, दाराला दोन कड्या आहेत.

हसू नकोस. हसलीस ना? मी पण आता हसते, तेव्हा मला वाटलं सरकार म्हाताऱ्या माणसांची चौकशी करतंय. गाडी लागण्याला डचमध्ये वागनझीक म्हणतात, हे मला नंतर मंडईतल्या सुरिनामच्या भाजीवालीनं हिंदीतून सांगितलं. नंतर कळून काय उपयोग.

त्यांचं पत्र आलं ते ह्यांनी उभ्यानं वाचलं. मग बसले. मग मला वाचून दाखवलं, एकेक ओळ मराठीत करून. तुमच्या गाडीनं एका व्यक्तीला इजा झाल्याचं तुमच्या मुलाकडून कळलं, त्या व्यक्तीनंही फोनवर दुजोरा दिला, तुम्ही मात्र कळवलं नाही. ज्यानं कळवलं त्यानं महिनाअखेरीपर्यंत लेखी खुलासा द्यावा. तोवर प्रकरण उघडं राहील, आणि प्रकरण उघडं असलं तर तुमचं वय बघता एक एप्रिलपासून विमा पुढं चालू ठेवता येणार नाही.

चारुता, तू इथं नंतर आलीस, तुला ह्यांचं वेड पुरतं माहीत नाही. इथं गाडीला जितकी वर्षं काही होत नाही, तितकी वर्षं माणसाच्या नावावर जमा होत जातात, आणि त्यावर विमा ठरतो. ह्यांनी रॉटरडॅमच्या बंदरात क्रेन दुरुस्त करण्यात जन्म घालवला. रोज गाडीनं जाणं-येणं, बर्फ असो, धुकं असो. एक ओरखडा नाही. रिटायर झाल्यावर लोक घड्याळ दाखवतात, हे ती वर्षं सांगतात. पंचाहत्तरी ओलांडल्यावर विमेवाले नाक मुरडायला लागले. दुसऱ्या एका कंपनीनं तर दारातच नाही म्हटलं. ह्या कंपनीनं ठेवलं ते त्या कोऱ्या वर्षांमुळं. लायसन्सला डॉक्टरनी तपासलं तेव्हाही पास झाले. घरी येताना मिठाई आणली, पोराचा निकाल लागल्यासारखी.

त्या कोऱ्या नावावर आता लिहिलंय की ह्यांनी बायकोला उडवलं आणि लपवलं.

त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणाले, "मालन, मी तुला उडवलं असतं तर लपवलं असतं का गं?"

मी म्हटलं, "उडवलं असतं तर मी गप्प बसले असते का?"

हसले नाहीत. म्हणाले, "त्याला वाटलं खरं तसं. बापाबद्दल."

सिद्धार्थनं मग एकदा फोन केला होता, तू परत यायच्या आधी. हे डचमध्येच बोलले. "बरोबर केलंस" एवढं म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर रविवार आले आणि गेले, फोन वाजला नाही. तू म्हणशील, एका वाक्यात सांगून टाकायचं होतं, अरे बाबा, उलटी झाली होती. मीही तेच म्हणाले. दहा वेळा म्हणाले. हे सांगत नाहीत. मी विमेवाल्यांना सांगते म्हटलं तर म्हणाले, तू मध्ये पडू नकोस, तुझ्या दोन गुडघ्यांनी पुरेसं झालंय.

हे आले. जिन्यात बूट वाजले. ठेवते.

मंगळवार

काल इथवर लिहून पत्र उशाखाली ठेवलं. आज हे पुन्हा वाचनालयात गेलेत.

काल लिहिलेलं वाचून बघितलं. त्यात खोटं काही नाही. पण सिद्धार्थ हुशार आहे, तो विचारेल की बाबा मग सांगत का नाहीत. त्याचं उत्तर मी काल लिहिलं नाही.

पोरी, मला जन्मात कधी गाडी लागली नाही. आंबा घाटातून एसटीच्या मागच्या सीटवर बसून तिखट भेळ खात गेलेली बाई मी. मला गाडी लागत नाही.

त्या दिवशी बांगडे घेतले, गाडीत बसलो. वारा एवढा की रस्त्यावर वाळूच्या रेघा उठल्या होत्या. हे बंदराकडून बाहेर पडले आणि वळले. मी बाहेर बघत होते, मला सगळं नीट वाटलं. रस्ता मोकळा होता. एका माणसानं कडेनं हात हलवले, मी पण हलवला. मला वाटलं ओळखीचा असेल. मग समोरून ती पुढं पेटी असलेली सायकल आली, बाई चालवत होती, पेटीत दोन पोरं, डोक्याला लोकरीच्या टोप्या. सरळ आमच्या तोंडावर. मी मनात म्हटलं, ही बाई उलट्या बाजूनं का येतेय?

ती बरोबर होती. आम्ही डावीकडून चाललो होतो. कोल्हापुरात चालवतात तसं.

मला कळलंच नाही, कारण मला डावी बाजूच सरळ वाटते अजून. माझं ठीक आहे, मी कधी गाडी चालवली नाही. ह्यांनी शेवटच्या क्षणी हिसका मारून गाडी पलीकडं घेतली. त्या बाईनं सायकल वाळूत घातली, पाय टेकले, पडली नाही. पोरं पण नाही. धाकटं तर हसत होतं, त्याला खेळ वाटला. बाई ओरडली नाही. नुसती उभी राहून आमच्याकडं बघत राहिली. मला त्या बघण्यानं ओकारी आली. भीतीनं आली. बांगडे मांडीवर होते, आधी त्यांच्यावर, मग सगळीकडं.

हे उतरले, त्या बाईकडं गेले, काहीतरी बोलले, तिनं मान हलवली आणि पोरांना घेऊन गेली. मग परत येऊन माझी सीट पुसत बसले. पुसता पुसता मला विचारलं, "मालन, आपण कुठल्या बाजूनं होतो गं?"

हे विचारलं ह्यांनी. ह्यांना ठाऊक नव्हतं.

मी मनाला समजावलं की आत्ताच दोन महिने कोल्हापूरला राहून आलोय, तिथं भाच्याची गाडी चालवत होते, हाताला सवय झाली असेल. तसं असेलही. मला काय कळतं. पण तेवढंच असतं तर ह्यांनी तसं म्हटलं असतं. घरापर्यंत गाडी एवढी हळू आणली की मागचे हॉर्न मारत होते. आणि फोन आला तेव्हा माझ्याकडं बघत बघत म्हणाले, मालनला गाडी लागली. मी डोळे मिटलेले ठेवले. आम्ही काही ठरवलं नव्हतं.

म्हणून हे सिद्धार्थला एक वाक्य सांगत नाहीत. उलटी झाली म्हटलं की तो विचारणार, का झाली? बायकोला उडवलं हा डाग हे सोसतील, पण त्या एका प्रश्नाला तोंड देणार नाहीत. आणि तुझ्या नवऱ्याला शब्द चुकीचा कळला, पण काहीतरी लपतंय हे बरोबर कळलं. त्याचा राग येतो मला, आणि रागावून पुरतं रागावताही येत नाही. विमेवाल्यांच्या पत्रात तेही होतं, तुमच्या मुलानं काळजीनं फोन केला, म्हणाला, माझ्या आईला गाडीनं उडवलं. आई म्हणाला होता तो तिकडं. इकडं अकरा वर्षं मला हाक मारायची वेळ आली की नुसतं "हॅलो". त्याच्या आईची, सुमेधाताईंची, जागा मी मागितली नव्हती कधी. पण हे कानावर आल्यापासून मी त्याला शिव्या घालते आणि मध्येच थांबते.

आता अजून एक. हे वाचताना थांबू नकोस.

गाडीची किल्ली मी लपवली आहे. त्याच रात्री. तूरडाळीच्या डब्यात आहे, खाली तळाला. दुसरी किल्ली केव्हाच हरवली होती, त्यामुळं एकच. मला वाटलं चार दिवस जातील, हे थंड होतील, मग बोलू. सरळ सांगायला गेले होते आधी. म्हटलं, अहो, आता ट्रामनं जात जाऊ, दारातून तर जाते. म्हणाले, ट्रामनं म्हातारे जातात. म्हटलं, मला भीती वाटते. म्हणाले, तुला काय कळतं गाडीतलं. ते खरंच आहे, मला काही कळत नाही. म्हणून डाळीत टाकली.

त्या दिवसापासून हे किल्ली शोधतायत. कोटाचे खिसे उलटे करतात. बूट झटकतात. फ्रिज उघडून बघतात. परवा कपाटातले सगळे कपडे खाली काढले आणि मग मध्येच बसून राहिले. मला विचारतात, "मालन, मी कुठं ठेवली असेल गं?" आणि मी म्हणते, "ठेवली असेल तुम्हीच कुठंतरी." वर डाळ निवडत असते.

गेल्या आठवड्यात मला न सांगता डॉक्टरकडं जाऊन आले. कोटात चिठ्ठी सापडली म्हणून विचारलं तर म्हणाले, "विसरायला होतंय म्हणून सांगितलं मी डॉक्टरला. किल्ली ठेवतो आणि आठवत नाही." पुढच्या महिन्यात तपासायला बोलावलंय. ज्या माणसानं बंदरातल्या क्रेनचा एकेक बोल्ट डोक्यात ठेवला, तो मला विचारतो, "तू खरं सांगशील ना मला? माझं डोकं जातंय का?" मी काय सांगू? किल्ली ह्यांनी विसरलेली नाही, ती माझ्याकडं आहे. आणि बाजू ह्यांना खरंच आठवत नव्हती. एक सांगितलं तर दुसरं लपवायला लागतं. किल्ली काढून दिली तर गाडी घेऊन जातील. नाही दिली तर मी ह्या माणसाला माझ्या हातानं वेडा ठरवतेय. रोज थोडा थोडा. जेवण गोड लागत नाही मला. आणि त्या डब्यातली डाळ मी अजून शिजवते.

गाडीच्या दुकानात ह्यांनी नवी किल्ली सांगितली आहे. येत्या सोमवारी मिळणार. विमा एक एप्रिलपर्यंत आहे, तोवर चालवणारच म्हणतात. चिडून म्हणतात. आधी हळू चालवायचे, आता कुणाला तरी दाखवायला चालवतील.

तर मला तुम्हा दोघांकडून काय पाहिजे ते नीट ऐका.

सिद्धार्थनं कंपनीला लिहायचं की कुणाला धडक बसली नाही, माझी ऐकण्यात चूक झाली, मावशीला उलटी झाली होती. हे खरं आहे. ह्यांचं नाव कोरं झालं पाहिजे. ह्यांनी कुणाला उडवलेलं नाही.

पण नुसतं लिहून मोकळं व्हायचं नाही. ते तर फोनवरूनही करेल तो. नाव कोरं झालं की हे दुसऱ्या दिवशी रस्त्यावर. म्हणून रविवारी इथं यायचं. बापाच्या शेजारच्या सीटवर बसायचं, समुद्रापर्यंत जाऊन यायचं आणि मग स्वतःच्या तोंडानं सांगायचं, बाबा, बास. मराठीत सांगायचं. मोडकं चालेल. तुझ्याकडून निरोप नको, कागद नको, कंपनीकडून तर नकोच. माझं ऐकणार नाहीत, डॉक्टरचं ऐकून गुपचूप झिजतील. त्याचं ऐकतील, कारण त्यानं सांगितलं तर तो हुकूम नसेल. आणि गाडी चांगली चालवली तर? तर तसं सांग म्हणावं, मी डोळ्यावर विश्वास ठेवीन. पण बसायचं शेजारी. माणसाला आपल्या पायांनी, कोऱ्या नावानं गाडीतून उतरू द्या. लोकांनी धरून उतरवायच्या आधी.

किल्लीचं मी स्वतः सांगणार आहे, तुम्ही आलात की, तुमच्या समोर. मला काय बोलायचं ते बोलू देत. तुम्ही मध्ये पडायचं नाही.

हे पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत मला फोन पाहिजे. तुझा नको, त्याचा. स्पीकरवर असलं तरी चालेल. येणार असेल तर रविवारी जेवायला काय करू विचारावं, मी समजेन. येणार नसेल तर तेही सरळ सांगावं, कामाची कारणं नकोत. मग सोमवारी हे नवी किल्ली घेऊन निघतील आणि मी त्यांना एकटं जाऊ देणार नाही. मला उजवं-डावं कळत नाही, तरी शेजारी बसेन.

शनिवार, सहाच्या आत. हो की नाही.

मालन